स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (जन्म : डन्स, स्कॉटलंड, ८ सप्टेंबर १८१७, मृत्यू : टाकळघाट, नागपूरजवळ, ४ सप्टेंबर १८६३) हे स्कॉटिश धर्मप्रसारक, शिक्षक, भूवैज्ञानिक व गोंड समाजाचे आरंभीचे अभ्यासक होते. नागपूर परिसर, वर्धा नदीचे खोरे आणि आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांपासून प्राणहिता-गोदावरीपर्यंतचा प्रदेश यांच्या भूवैज्ञानिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. माशांचे खवले व दात, कीटकांची पंखावरणे, गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष यांच्या आधारे खडकांचे वय ठरविण्याचा प्रयत्न हे त्यांच्या वैज्ञानिक कार्याचे मुख्य सूत्र होते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

पूर्वायुष्य

हिस्लॉप यांचे जन्मगाव डन्स हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील बर्विकशर परगण्यात, ट्वीड नदीच्या खोऱ्यात आहे. धर्मविषयक लेखक अलेक्झांडर हिस्लॉप हे त्यांचे थोरले बंधू. स्टीफन यांचे उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्चची स्थापना झाली, तेव्हा ते या नव्या चर्चमध्ये सामील झाले. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस पोहोचले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास आले. त्या वेळी नागपूर भोसल्यांच्या राज्याची राजधानी होते आणि इंग्रजी फौजेची छावणी कामठीस होती.

मासे व जलकीटक यांचे नाते हा त्या काळी ब्रिटनमध्ये सर्वसामान्य जिज्ञासेचा विषय होता. ट्राउट मासा पाण्यावर येणारे कीटक टिपतो. त्यामुळे कोणता कीटक वर्षाच्या कोणत्या काळात पाण्यातून बाहेर पडतो, हे गळाने मासेमारी करणाऱ्यांस ठाऊक असावे लागे. आल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा कीटकांची महिनावार मांडणी केली होती. नागपुरास आल्यावर हिस्लॉप यांच्या हाती जे मासे व कीटक लागले ते दगडातील होते. ते कोणत्या ऋतूतील हा प्रश्न तेथे गौण होता; ते पृथ्वीच्या इतिहासातील कोणत्या युगातील, हे ठरवावयाचे होते.

नागपूर येथील कार्य

हिस्लॉप यांनी मराठी भाषा शिकून घेतली. १८४६ साली मिशनची शाळा नागपुरात सुरू झाली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर (१८२३–१८९७) हे त्यांचे सहकारी म्हणून आले. प्रकृतीच्या कारणाने हंटर यांना १८५५ मध्ये मायदेशी परतावे लागले. पुढे ते एका मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक म्हणून प्रसिद्धीस आले. नागपुरातील भूवैज्ञानिक संशोधनाचा पहिला टप्पा या दोघांच्या संयुक्त परिश्रमाचा आहे.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले व त्याबरोबर चांदा (आजचे चंद्रपूर) हा मुलूखही कंपनीच्या अंमलाखाली आला. प्राणहिता व गोदावरी यांच्या डाव्या तीरावरील सिरोंचा भाग १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. दुर्गम वनप्रदेशाची पाहणी, कोळशाचा शोध आणि नव्या रस्त्यांची आखणी यांस याच सुमारास चालना मिळाली. धर्मप्रचाराच्या दौऱ्यांवर जाणाऱ्या हिस्लॉप यांना नाल्यांचे काठ, विहिरींची खोदकामे आणि दगडाच्या खाणी पाहण्याची संधी मिळत असे. त्यांचा बराचसा संग्रह अशा प्रवासांतून जमला.

ताकळीचे जीवाश्म

१८५१ साली हिस्लॉप व हंटर यांना नागपूरलगतच्या ताकळी परिसरात गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या शंखांचे जीवाश्म आढळले. हे शंख काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या पातळ थरात होते. दख्खनचा काळा कातळ लाव्हारसाचे लोट एकावर एक साचून बनलेला आहे. दोन उद्रेकांच्या दरम्यान जो शांततेचा काळ जाई, त्यात जमिनीवर तळी साचत, वनस्पती उगवत आणि जलचर वस्ती करीत. पुढचा लोट आला की हे सर्व त्याखाली गाडले जाई. अशा थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात.

ताकळीच्या थरांत शंखांखेरीज फळे, बिया व लाकूड यांचे अवशेष, माशांचे खवले आणि कीटकांचे अवशेष मिळाले. कीटकांच्या अवशेषांत भुंगेऱ्यांची कठीण पंखावरणे प्रामुख्याने होती; भुंगेऱ्याचे मऊ शरीर कुजून गेले तरी ही आवरणे गाळात टिकून राहतात. अँड्र्यू मरी यांनी १८६० साली या कीटकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील दोन जातींच्या नावांत हिस्लॉप व हंटर यांची नावे गुंफलेली आहेत. मासे, कीटक व गोगलगायी यांचे अवशेष एकत्र मिळाल्यामुळे हा गाळ समुद्राचा नसून उथळ तळ्याचा आहे, हे स्पष्ट झाले.

या संशोधनाचा वृत्तांत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. १८६० मधील दुसऱ्या निबंधात हिस्लॉप यांनी शंखांचे सविस्तर वर्णन करून हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीचे असल्याचे मत मांडले. दख्खनच्या लाव्हाचे मुख्य उद्रेक क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस व त्यानंतरच्या कालखंडाच्या आरंभी, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले, असे आज मानले जाते. म्हणजे हिस्लॉप यांचा अंदाज थोडा अलीकडचा ठरला. मात्र लाव्हाच्या दोन थरांमधील जीवांच्या साहाय्याने लाव्हाचा काळ ठरविण्याची त्यांची पद्धत आजही वापरात आहे.

वर्धा व प्राणहितेचे खोरे

नागपूरच्या दक्षिणेस काळ्या कातळाचे आवरण संपते आणि त्याखालील अधिक प्राचीन वालुकाश्म व कोळशाचे थर उघडे पडतात. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी याच खडकमालेत आहेत. या भागातील मंगळी येथे मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला पाठविण्यात आली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले.

सिरोंचासमोर, प्राणहितेच्या पलीकडील तीरावरच्या कोटा येथील चुनखडकात चकचकीत जाड खवल्यांचे मासे सापडत. त्यांचे पहिले वर्णन कर्नल साइक्स व सर फिलिप एजर्टन यांनी १८५१ मध्ये केले होते. सिरोंचाच्या वायव्येस असलेल्या मलेडी (मलेरी) येथील तांबड्या मातीत फुप्फुसमीनांचे दात मिळाले. टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन केले व एका जातीला सेरॅटोडस हिस्लोपियानस असे नाव दिले. फुप्फुसमीन कल्ल्यांबरोबरच फुप्फुसानेही श्वास घेऊ शकतात. सेरॅटोडसशी निकटचे नाते असलेला मासा ऑस्ट्रेलियातील नद्यांत जिवंत आहे, हे १८७० साली, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर ७ वर्षांनी शास्त्रज्ञांना कळले.

या निरनिराळ्या स्थळांचा परस्परसंबंध लावणे कठीण होते. कोळशाजवळच्या वनस्पती एका काळाकडे, मंगळीचा उभयचर दुसऱ्या काळाकडे आणि कोट्याचे मासे तिसऱ्याच काळाकडे निर्देश करीत. हिस्लॉप यांनी १८६१ च्या निबंधात नागपूर प्रांतातील पातळ थरांच्या वालुकाश्माच्या व कोळशाच्या वयाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. हे थर एकाच काळातील नाहीत, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले : कोळसा पर्मियन, मंगळी व मलेडी येथील थर ट्रायासिक, तर कोट्याचे थर ज्युरासिक कालखंडातील आहेत. या खडकमालेला पुढे गोंडवन हे नाव मिळाले आणि याच नावावरून दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडाला गोंडवनभूमी म्हणू लागले.

गोंड समाजाचा अभ्यास

प्रवासात हिस्लॉप यांचा गोंड, माडिया व परधान लोकांशी संबंध आला. त्यांनी या समाजांच्या शाखा, देवता, विवाह व अंत्यसंस्कारांच्या चालीरीती आणि गोंडी शब्द यांची टिपणे ठेवली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व वंशकथा सांगणारे. परधानाकडून हिस्लॉप यांनी लिंगो या संस्कृतिपुरुषाची दीर्घ गोंडी गाथा उतरवून घेतली. मौखिक परंपरेतील या गाथेचे हे आरंभीचे लिखित रूप असल्यामुळे गोंडी भाषा व धर्मपरंपरेच्या अभ्यासात तिला महत्त्व आहे. हिस्लॉप यांची दृष्टी मात्र त्यांच्या काळाची व धर्मप्रसारकाची होती. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांनी नोंदविलेली मूळ सामग्री अभ्यासकांना अधिक मोलाची वाटते.

मृत्यू

१८६३ च्या पावसाळ्यात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे होता. त्या परिसरातील टाकळघाट येथे महापाषाण काळातील शिळावर्तुळे आहेत. ती पाहण्याच्या निमित्ताने हिस्लॉप ४ सप्टेंबर रोजी तेथे गेले होते. परतताना ते घोड्यावर एकटेच होते. वाटेतील ओढ्याला पूर आला होता. तो ओलांडताना ते वाहून गेले व बुडून मरण पावले. स्वाराविना घोडा परत आल्यावर शोध सुरू झाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास त्यांना ४ दिवस उरले होते.

मरणोत्तर प्रकाशन व वारसा

गोंडांविषयीची हिस्लॉप यांची टिपणे त्यांच्या मृत्यूसमयी हस्तलिखित व अपूर्ण अवस्थेत होती. टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ साली नागपूर येथे प्रसिद्ध केली. लिंगोची गाथाही अनुवादासह या ग्रंथात आहे. टिपणे कागदपत्रांतच राहिली असती, तर त्या काळी गायिली जाणारी गाथेची ही आवृत्ती कदाचित कायमची हरवली असती. सिरोंचा परिसरातील मलेडीविषयीचा हिस्लॉप यांचा निबंधही त्यांच्या पश्चात, १८६४ मध्ये छापला गेला. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८८८ साली प्रकाशित झाले.

नागपूरच्या मिशन शाळेतून १८८३ साली महाविद्यालय उभे राहिले व त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. गोड्या पाण्यात वसाहती करून राहणाऱ्या ब्रायोझोआ वर्गातील हिस्लोपिया ही प्रजाती एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये त्यांच्या नावाने वर्णिली. हिस्लोपाइट हे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे.

प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील संशोधन त्यांच्यानंतरही सुरू राहिले. कोटा शैलसमूहातून माशांबरोबर कीटकांचेही जीवाश्म मिळाले. बारापासॉरस या महाकाय डायनोसॉरचे अवशेष याच शैलसमूहातील असून त्याचे नामकरण १९७५ मध्ये झाले. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. मोठ्या प्राण्यांची हाडे लोकांचे लक्ष वेधून घेतात. परंतु त्या काळातील तळी व नद्या कशा होत्या, हे समजण्यासाठी अभ्यासकांना अजूनही माशांचे खवले, कीटकांचे पंख आणि लहान शंख यांचाच आधार घ्यावा लागतो. हिस्लॉप यांनी ताकळीच्या थरांत आपल्या कामाची सुरुवात याच अवशेषांपासून केली होती.