यशवंतराव चव्हाण : राज्याची जुळणी आणि शासनाचे स्तर

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. वडील न्यायालयात बेलिफ होते. त्यांचे छत्र लवकर हरपले आणि आई विठाबाईंनी मुलांना कराडला वाढवले. सविनय कायदेभंगाच्या काळात शाळकरी वयातच यशवंतराव चळवळीत ओढले गेले. १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटकेनंतर शिक्षणाचा धागा पुन्हा जुळवून ते १९३४ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १९३८ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे पुण्यात कायद्याची पदवी त्यांनी मिळवली.

कराडहून कोल्हापूरला येणे हा त्या काळी एका सत्तेतून दुसऱ्या सत्तेत केलेला प्रवेश होता, हे आज सहसा लक्षात येत नाही. कराड ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातले, तर कोल्हापूर छत्रपतींचे संस्थान. भोवतालच्या मुलखात सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. देवराष्ट्र्याजवळचे कुंडल औंध संस्थानात मोडत असे. याच औंधने १९३९ मध्ये ग्रामपंचायतीच्या पायावर उभी केलेली राज्यघटना स्वीकारली आणि याच परिसरात १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगावच्या न्यायनिवाड्यापर्यंत पोचले. सत्ता गावाच्या पातळीवर चालू शकते, ही गोष्ट त्या पिढीला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

१९४६ मध्ये चव्हाण मुंबई विधानसभेवर निवडून आले. नंतर संस्थाने विलीन होऊ लागली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात आले. मराठी भाषकांचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही. विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा हैदराबादेत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने या तिन्ही विभागांतील काँग्रेस नेत्यांनी एकत्र येण्याच्या अटी ठरवल्या. चव्हाण त्या करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक होते.

यानंतरचा कालखंड त्यांच्या चरित्रातला सर्वांत वादग्रस्त कालखंड आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह मराठी राज्याची मागणी मान्य केली नाही. महाराष्ट्र पेटला आणि शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अशा वेळी १९५५ च्या अखेरीस चव्हाणांनी फलटण येथे संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंच्या नेतृत्वाची निवड आपण करू, अशी भूमिका जाहीर केली. लोकांनी त्यांची गणना फितुरांत केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्या राज्यात गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ आणि मराठवाडा हे सारे एकत्र बांधले होते, पण बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली. खुद्द चव्हाण कराडमधून थोडक्या मतांनी वाचले. या कौलाचा अर्थ त्यांनी नीट वाचला, असे म्हणावे लागेल. पक्षशिस्त न मोडता, द्विभाषिक राज्य टिकणारे नाही हे त्यांनी दिल्लीला हळूहळू पटवले. समितीने प्रश्न पेटता ठेवला नसता तर त्यांच्या शब्दाला वजन आले नसते, आणि दिल्लीचा विश्वास असलेला मुख्यमंत्री नसता तर निर्णय आणखी लांबला असता. संयुक्त महाराष्ट्राचे श्रेय एकाच पारड्यात टाकणारे लेखन म्हणूनच अपुरे वाटते. १ मे १९६० रोजी २६ जिल्ह्यांचे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. सीमाभाग मात्र बाहेरच राहिला.

नकाशा जुळला तरी कारभार जुळायचा होता. स्थानिक शासनाची रचना प्रत्येक विभागात निराळी होती. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे होती, विदर्भात जनपद सभा होत्या आणि मराठवाड्यात हैदराबादच्या कायद्याने चालणारी जिल्हा मंडळे होती. एकाच राज्यातला शेतकरी रस्त्यासाठी किंवा शाळेसाठी तीन ठिकाणी तीन निरनिराळी दारे ठोठावत असे. १९६० मध्ये चव्हाणांच्या सरकारने महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने विकासगटाच्या स्तराला महत्त्व दिले होते. नाईक समितीने मुख्य भार जिल्ह्यावर ठेवला, कारण पुरेसा पैसा, तज्ज्ञ अधिकारी आणि नियोजनाची ताकद जिल्ह्याच्या स्तरावरच एकत्र येऊ शकते, असा तिचा विचार होता. खासदार-आमदारांना तिने जिल्हा परिषदेबाहेर ठेवले. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून मुंबई वगळता सर्व जिल्ह्यांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. खाली ग्रामपंचायत, मध्ये पंचायत समिती आणि वर जिल्हा परिषद ही आपल्या परिचयाची त्रिस्तरीय उतरंड अशी घडली. तिन्ही विभागांना एका चौकटीत बसवणारी ही राज्याची पहिली मोठी व्यवस्था होय.

‘जिल्हा परिषद’ या नावाकडेही भाषेच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावे. पहिला शब्द अरबीतून आलेला, दुसरा संस्कृत. ‘तालुका’ हाही मूळचा अरबीच, आणि त्याच्या मुळाशी संबंध, जोडलेपण हा अर्थ आहे. मुसलमानी अमलापासून रुळलेली महसुली परिभाषा न पुसता तिच्यावर लोकनियुक्त सत्तेचे नवे शब्द चढवले गेले.

या रचनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. महसूल आणि कायदा-सुव्यवस्था जिल्हाधिकाऱ्याकडेच राहिली. परिषदांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने त्या राज्याच्या अनुदानावर विसंबून राहिल्या. सहकारी कारखान्यांवर पकड असलेल्या घराण्यांनी पुष्कळ ठिकाणी परिषदाही ताब्यात घेतल्या. विदर्भ-मराठवाड्याच्या असमतोलाची तक्रार थांबली नाही. घटनेच्या ३७१ व्या कलमात तरतूद असूनही वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्येच आली.

परिषदा सुरू झाल्या त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, चीन युद्धाच्या संकटात चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि १९७९ मध्ये अल्पकाळ उपपंतप्रधानपद त्यांनी सांभाळले. त्यांची शेवटची मोठी जबाबदारी मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष होते. केंद्राच्या करांतील किती वाटा राज्यांना द्यावा, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. आयोगाचा अहवाल १९८४ मध्ये सादर झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. त्या वेळच्या घटनेनुसार वित्त आयोगाचा विचार राज्यापाशीच थांबत असे. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद त्याच्या कक्षेत येण्यासाठी १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली.