रेव्हरंड टिळकांची ख्रिस्तप्रीती : चरित्राच्या आधारे एक विचार

'फुलामुलांचे कवी' म्हणून नारायण वामन टिळक मराठी वाचकाला परिचित आहेत आणि ख्रिस्ती मंडळीत त्यांचे अभंग आजही गायिले जातात. या दोन्ही प्रतिमांच्या मुळाशी प्रीती हे एकच तत्त्व आहे, असे सामान्यतः मानले जाते. तथापि काव्यातील प्रीती आणि आचरणातील प्रीती यांचे नाते तपासावयाचे तर त्यांच्या चरित्राकडेच वळावे लागते. ज्यांच्याशी मतभेद होते किंवा ज्यांची श्रद्धा निराळी होती, अशा जवळच्या माणसांशी टिळक कसे वागले, हा या तपासणीतील कळीचा प्रश्न होय.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये कोकणातील करजगाव येथे झाला. मातृवियोग लहानपणीच घडला. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक होत. टिळकांच्या स्वभावात स्थैर्य नव्हते. शिक्षकी, कीर्तन, पुराण असे अनेक व्यवसाय करीत ते गावोगाव फिरले. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी 'ऋषी' हे धर्मविषयक नियतकालिक चालविले. जातिभेदरहित धर्माचा शोध त्या काळीच त्यांच्या मनात चालू होता. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या बाप्तिस्म्यात झाली.

टिळकांच्या प्रीतीला पहिला तडा येथेच गेलेला दिसतो. शत्रूवरही प्रेम करावे या शिकवणीने भारावलेल्या माणसाने हा निर्णय पत्नीला विश्वासात घेऊन केला नाही. वार्ता कळताच लक्ष्मीबाईंवर जे संकट कोसळले, त्याचे वर्णन त्यांच्या आत्मचरित्रात आहे. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढली. त्या काळातील कर्मठ ब्राह्मण कुटुंबात धर्मांतरिताच्या पत्नीची स्थिती विधवेहूनही अवघड होती, कारण पती हयात असूनही तिला अंतरलेला असे. चरित्रकाराने हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. स्वतःच्या मुक्तीची ओढ आणि जवळच्या माणसाचे दुःख यांत टिळकांनी तेव्हा पहिलीच गोष्ट निवडली.

पुढील घटनाक्रम मात्र निराळा आहे. काही वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथील त्या संसारात त्यांचे सोवळेओवळे चालू राहिले आणि टिळकांनी ते मोडले नाही. जातिभेदाचा कट्टर विरोधक आपल्याच घरात पत्नीचा विटाळ सांभाळून घेतो, हे दृश्य विसंगत वाटेल. परंतु प्रीती आणि सक्ती एकत्र नांदत नाहीत ही जाणीव त्यामागे असावी. माणसामाणसांतील भेद मानवनिर्मित आहेत, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी राहुरीत स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९५ मध्ये जी मोकळीक टिळकांनी पत्नीला न विचारता स्वतःसाठी घेतली होती, तीच आता त्यांनी तिला दिली, असे म्हणता येईल.

नगरच्या वास्तव्यात हे घर अनेकांचे झाले. पोरकी मुले, विद्यार्थी आणि अडलेले प्रवासी यांची तेथे ये-जा असे. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करण्यास लक्ष्मीबाई पुढे आल्या. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकण्याची टिळकांना सवय होती. त्या औदार्याची झळ मात्र घर चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंना लागे. टिळकांच्या परोपकाराचे श्रेय मोजताना हा वाटा विसरता येत नाही.

या घरातील सर्वांत परिचित आश्रित म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी लाभलेल्या या तरुणाला टिळकांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. ठोमरे हिंदूच राहिले. त्यांच्यावरील लोभ त्यामुळे उणावला नाही आणि लक्ष्मीबाईंनीही त्यांच्यावर आईची माया केली. धर्मप्रसारकाच्या घरी वाढलेल्या या स्नेहाला धर्मांतराची अट नव्हती, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

टिळकांच्या प्रीतीची तिसरी कसोटी त्यांच्या स्वतःच्या संस्थेत लागली. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये सेवेत होते. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मिशनऱ्यांविषयी कृतज्ञता बाळगूनही त्यांच्या पालकत्वाच्या भूमिकेवर टिळकांनी स्पष्ट टीका केली. एतद्देशीय ख्रिस्ती माणूस आश्रित राहिला तर बंधुभाव हा केवळ शब्द ठरतो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे जाऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या दरबारात प्रवेश होता. घरात पत्नी आणि बालकवी यांच्या बाबतीत जे तत्त्व अनुभवास आले, त्यालाच येथे सार्वजनिक रूप मिळाले. हा प्रयोग फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला.

टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. सुरुवातीचे मोजके अध्याय सोडता उर्वरित ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या ख्रिस्तामुळे त्यांचा संसार एकदा उद्ध्वस्त झाला, त्याचेच चरित्र त्यांनी पतीच्या पश्चात पूर्ण केले. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त टिळकांचा रागीटपणा, विसरभोळेपणा आणि अव्यवहार यांपैकी काहीही लपविलेले नाही. तरीही त्या कथनात कडवटपणा आढळत नाही. टिळकांच्या प्रीतीत प्रारंभी मोठी उणीव होती आणि ती त्यांनी पुढील आयुष्यात बऱ्याच अंशी भरून काढली, याची साक्ष त्यांच्या स्वतःच्या काव्यापेक्षा पत्नीच्या या ग्रंथातून अधिक विश्वसनीयपणे मिळते.