कै. भाऊसाहेब बांदोडकर : मातीतील धन आणि माणसातील धन

पिरनवाडीच्या फाट्यावरून जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा घाट उतरला की गोमंतकाची भूमी लागते. केरी, साखळी, डिचोली ही नावे आपल्या परिसरातील अनेक कुटुंबांत परिचयाची आहेत. सोयरीक, व्यापार, देवदर्शन अशा नाना निमित्तांनी आपले तिकडे जाणेयेणे असते. त्याच भागातील डोंगरांच्या पोटात लोहखनिज आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत ते खणून, नदीमार्गे मुरगाव बंदरात नेऊन, जहाजांतून परदेशी धाडले गेले.

आजकाल तेलसंपन्न राष्ट्रांविषयी आपण पुष्कळ वाचतो. भूगर्भातून अमाप संपत्ती वर येऊनही काही राष्ट्रांतील प्रजा दरिद्री राहते, आणि काही राष्ट्रे त्याच संपत्तीच्या बळावर सुखी होतात, असे का व्हावे? हा प्रश्न केवळ दूरच्या अरबस्तानचा नव्हे. घाटाच्या पायथ्याशी तो एका पुरुषाच्या चरित्रात उभा राहिलेला दिसतो. तो पुरुष म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, कैलासवासी दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, ज्यांना सारा गोमंतक भाऊसाहेब म्हणून ओळखतो.

भाऊसाहेबांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडणे येथे झाला. ज्या समाजाला जुन्या रूढींनी प्रतिष्ठेचे आसन नाकारले होते, त्या गोमंतक मराठा समाजात ते जन्मले. घरची सत्ता नाही, वडिलार्जित जमीनदारी नाही. अशा स्थितीत त्यांनी स्वतःच्या उद्योगावर धन मिळविले आणि ते खाणमालक झाले. लोकांचे भाऊसाहेबांवर प्रेम जडले ते मात्र त्यांच्या संपत्तीमुळे नव्हे, तर त्यांच्या दातृत्वामुळे. दारी आलेला गरजू रिक्त हस्ताने परत जात नाही, ही त्यांची ख्याती राजकारणात पडण्यापूर्वीच झाली होती.

त्या काळच्या खाणधंद्याचे स्वरूप येथे समजून घेतले पाहिजे. पोर्तुगीज सरकार 1906 च्या वसाहती खाणकायद्यान्वये खाणींच्या सवलती देत असे, आणि त्यांना काळाची मर्यादा नसे. डोंगर देशाचा, पण त्यातील खनिज सवलतदाराचे, असा तो प्रकार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानसारख्या देशांत पोलादाचे कारखाने उभे राहू लागले आणि गोव्याच्या खनिजाला मागणी आली. 1955 च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा या निर्यातीच्या पैशानेच पोर्तुगीज राजवटीला तग धरता आला. बाजारपेठा विलायती मालाने भरल्या. परंतु भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार आणि दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ, यांच्या जीवनात त्यामुळे पालट झाला नाही. उच्च शिक्षण पोर्तुगीज भाषेतून होते, आणि खेड्यातील मराठी शाळा बहुतांशी लोकांच्या वर्गणीवर कशाबशा चालत. धन आले, पण ते वरच्या वर वाहून गेले.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. भाऊसाहेबांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने बहुजन समाजाच्या बळावर सत्ता मिळविली. सिंह ही त्या पक्षाची निशाणी होती. 20 डिसेंबर 1963 रोजी भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. खाणीच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या या पुरुषाला सत्तेवर बसविले ते मुख्यतः कुळांनी, मुंडकारांनी व कष्टकऱ्यांनी. या विरोधाभासातच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

सत्ता हाती येताच त्यांनी शिक्षणाला अग्रस्थान दिले. गावोगावी, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या जाऊ लागल्या. स्वतंत्र इमारत नसेल तेथे मिळेल त्या जागेत वर्ग भरत. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती अशा घरांतील मुले, आणि विशेषेकरून मुली, अक्षरे गिरवू लागल्या. दुसरे कार्य जमिनीचे. 1964 साली कुळकायदा झाला. त्याने खंडाला मर्यादा घातली आणि कुळाला मनमानी रीतीने हुसकावून लावण्यास प्रतिबंध केला. पुढे 1971 साली मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा आला. पायाखालची जमीन सुटणार नाही आणि मूल शाळेत जाईल, एवढा भरवसा मिळाला की गरीब माणूस ताठ उभा राहतो, हे भाऊसाहेबांनी ओळखले होते.

त्यांच्या आयुष्यातील कठीण प्रसंग विलीनीकरणाचा होय. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हा त्यांच्या पक्षाचा मुख्य संकल्प होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष त्याविरुद्ध उभा होता. हा प्रश्न जनतेच्या कौलाने सोडवावा असे ठरले. जनमत निर्भयपणे व्यक्त व्हावे म्हणून 1966 च्या डिसेंबरात भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपदाचा त्याग केला. 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरुद्ध 1,72,191 मते पडली. 34,021 मतांनी भाऊसाहेबांचा संकल्प मोडला. त्याच सुमारास आपल्या सीमाभागाचा प्रश्न महाजन आयोगापुढे होता. म्हणून बेळगावकरांना त्या कौलाचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. आमच्यासारख्यांना त्या मतदानातील दोन्ही बाजूंचे मन कळते, आणि म्हणूनच येथे जय कोणाचा व पराजय कोणाचा याची चर्चा आम्ही करीत नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, भाऊसाहेबांनी तो निकाल शिरोधार्य मानला. अवघ्या काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच जनतेने त्यांना पुन्हा निवडून दिले, आणि 5 एप्रिल 1967 रोजी ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. संकल्प नाकारला, पण माणूस नाकारला नाही. 1972 साली लोकांनी तिसऱ्यांदा त्यांच्यावर विश्वास टाकला. त्या पदावर असतानाच 12 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करणे योग्य नव्हे. भाऊसाहेबांच्या राजवटीत शाळा वाढल्या, कुळांना आधार मिळाला. परंतु डोंगरातील खनिज कोणाचे, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणसवलती त्यांच्या मृत्यूनंतरही चालू होत्या. त्या रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने 1987 साली केला. मुख्यमंत्री स्वतःच खाणमालक असल्यावर या प्रश्नाला कोणी हात घालावा, असे कोणी म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. मात्र खाणींचा मुख्य कायदा व स्वामित्वशुल्काचे दर केंद्र सरकारच्या हाती होते, आणि गोवा हा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

न सुटलेल्या त्या प्रश्नाची किंमत पुढील पिढीने मोजली. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती उपसावी लागते. त्या मातीचे ढीग पावसात वाहून शेतांत व नद्यांत उतरले, आणि खोल खाणींमुळे कित्येक ठिकाणी विहिरींचे पाणी आटले. चीनची मागणी वाढल्यावर 2010-11 या एका वर्षात 5 कोटी टनांहून अधिक खनिज गोव्यातून बाहेर गेले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. 2014 च्या निकालात न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या रकमेतील दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. 2018 साली खाणी पुन्हा बंद झाल्या. 2022 पासून लिलावाने नवे पट्टे देण्यास आरंभ झाला. या चढउतारांत ट्रकवाले, बार्जवरील खलाशी आणि खाणीतील मजूर यांचे संसार विस्कटले.

कायम निधीची ही कल्पना तेलाच्या देशांतून परिचित आहे. कुवेतने 1976 पासून उत्पन्नाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी बाजूला काढण्यास प्रारंभ केला. नॉर्वेने 1990 साली कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला आणि तो आज जगातील मोठ्या निधींपैकी एक आहे. याउलट व्हेनेझुएलाजवळ तेलाचे प्रचंड साठे असूनही 2014 नंतर तेलाचे भाव कोसळताच लोकांवर अन्नासाठी रांगेत उभे राहण्याची पाळी आली. तेल तेच, पण ते विकून आलेल्या पैशाचे काय केले, यावर राष्ट्राचे भवितव्य ठरते.

भूगर्भातील धन हे पीक नव्हे. भाताचे बी पेरले तर पुढल्या वर्षी पुन्हा भात येतो. खनिज एकदा बोटीत चढले की ते पुन्हा डोंगरात उगवत नाही. म्हणून ते विकताना त्याच्या मोबदल्यात दुसरे काही टिकाऊ निर्माण केले पाहिजे. भाऊसाहेबांनी खनिजाचे कोडे सोडविले नाही. पण टिकाऊ वस्तू कोणती, हे त्यांनी अचूक जाणले. ती वस्तू म्हणजे शिकलेले मूल. त्यांच्या काळात गोव्यातून निघालेले खनिज परदेशी भट्ट्यांत कधीच वितळून गेले. त्यांच्या काळात उघडलेल्या शाळांत शिकलेली मुले मात्र शिक्षक झाली, परिचारिका झाली, कारकून झाली, आणि त्यांनी आपल्या मुलांना अधिक शिकविले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावाजवळ खाण नाही, तेलाची विहीर तर नाहीच नाही. तरीही शेते, झाडे, विहिरींचे पाणी हे आपल्या वाडवडिलांनी राखलेले धन आपल्या स्वाधीन आहे. आज भाव आला म्हणून ते एकदाच विकून टाकायचे, की त्यातून पुढच्या पिढीसाठी काही उभे करायचे, हा निर्णय उद्या तुमच्या हाती येईल. तो घेण्याचा प्रसंग येईल तेव्हा भाऊसाहेबांनी जे केले ते आठवा, आणि त्यांच्याकडून जे राहून गेले तेही विसरू नका.