डॉ. सुभाष मुखर्जी

पेडणे तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी केरी गाव आहे. अशा गावातील एखाद्या जोडप्याला वर्षानुवर्षे मूल झाले नाही तर पूर्वी सर्व दोष बायकोच्या माथी येई. आज ते जोडपे म्हापसा, पणजी वा मुंबईच्या डॉक्टरांकडे जाते. तेथे बाईला आधी संप्रेरकांची इंजेक्शने देतात, तिची स्त्रीबीजे काढून शरीराबाहेर फलित करतात, आणि पुष्कळदा गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या महिन्यात गर्भाशयात सोडतात. उपचाराचा हा क्रम आपल्याच देशातील एका माणसाने १९७८ साली पार पाडला होता, आणि त्यापायी त्याची कुचेष्टा झाली, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सुभाष मुखर्जी यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. कलकत्त्यास ते डॉक्टर झाले; पण दवाखाना थाटून पैसा मिळविण्यापेक्षा प्रयोगशाळेकडे त्यांचा ओढा अधिक. १९५८ साली प्रजनन-शरीरशास्त्रात त्यांनी पीएच.डी. मिळविली. पुढे ते एडिंबरोस गेले आणि डॉ. जॉन लोरेन यांच्या हाताखाली काम करून १९६७ साली दुसरी पीएच.डी. घेऊन परतले. तेथे त्यांचा विषय होता ल्युटिनायझिंग हार्मोन मोजण्याची अधिक सूक्ष्म रीत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून हे संप्रेरक स्रवते आणि महिन्याच्या मध्यास त्याची भरती आली की बीजकोशातून पक्व बीज सुटते. ते रक्तात असते इतके अल्प, की त्या काळी प्राण्यांवर होणाऱ्या परिणामावरून त्याचे माप काढावे लागे.

ही विद्याच त्यांच्या पुढील कामी आली. इंग्लंडात एडवर्ड्स व स्टेप्टो यांनी स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात तयार होणारे एकच बीज घेतले होते. मुखर्जींनी मात्र संप्रेरके देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व केली. (हे औषध मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढीत, आणि आरंभी इटलीतील कॉन्व्हेंटांतल्या वृद्ध नन्सनी ती पुरविली होती!) इंजेक्शनांच्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास तितकेसे अनुकूल राहत नाही, असा त्यांचा कयास होता. म्हणून त्यांनी गर्भ गोठवून त्रेपन्न दिवस ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडला. गोठवणीची बाजू सुनीत मुखर्जी यांनी सांभाळली, तर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य तिसरे साथीदार होते. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात मुलगी जन्मली. इंग्लंडातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी! पूजेचे दिवस म्हणून तिला दुर्गा म्हणू लागले.

पुढे जे झाले ते लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. राज्य सरकारने नोव्हेंबरात एक चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते भौतिकशास्त्राचे जाणकार, आणि गर्भ गोठवण्याचा अनुभव असलेला सभासद एकही नव्हता. समितीने दावा खोटा ठरविला. मुखर्जींनी आपले काम एका छोट्या टिपणापलीकडे सविस्तर प्रसिद्ध केले नव्हते, ही त्यांच्या बाजूची उणीव होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती भरून काढण्यास त्यांना वेळ कोणी दिला? जपानमधील क्योटोचे निमंत्रण आले, तर जाण्यास परवानगी मिळाली नाही. बदली बांकुऱ्याला झाली, हृदयविकाराचा झटका आला, आणि जून १९८१ मध्ये संप्रेरकांच्या या अभ्यासकाची नेमणूक चक्क नेत्रविज्ञान संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपल्या घरी स्वतःच जीवनयात्रा संपविली. मागे पत्नी नमिता राहिल्या.

इथे कथा मुंबईकडे वळते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. ते यश रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा व परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे. १९९७ साली आनंद कुमार कलकत्त्यास व्याख्यानासाठी गेले असता मुखर्जींचे हस्तलिखित कागद त्यांच्या हाती पडले. ते त्यांनी बारकाईने वाचले, दुर्गेच्या आईवडिलांनाही भेटले आणि त्यांची खात्री पटली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ पाक्षिकात लेख लिहून त्यांनी जाहीर केले की पहिलेपणाचा मान आपला नसून सुभाष मुखर्जी यांचा आहे. स्वतःच्या नावावर अकरा वर्षे असलेला मान असा आपणहून दुसऱ्यास, तोही मृतास, देणारे शास्त्रज्ञ आम्ही फार ऐकलेले नाहीत. त्यांनी गप्प राहायचे ठरविले असते तर विचारणारे कोणी नव्हते.

त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखर्जींच्या कार्याची दखल घेतली. आनंद कुमार २०१० साली वारले. दुर्गा मात्र त्याआधीच, २००३ साली, आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाला लोकांसमोर येऊन डॉ. मुखर्जींविषयी बोलली होती.