कै. पी. बाळू : एका खेळाडूचें चरित्र

विद्यार्थिमित्रहो, आपल्या क्रीडादिनाच्या आदल्या संध्याकाळीं मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढल्या जातात. दुसऱ्या दिवशीं तुम्ही त्या रेषांवर उभे राहतां, धांवतां, बक्षिसें मिळवितां. परंतु त्या रेषा कोणीं ओढल्या, हें विचारण्याचें आपणांपैकीं फारच थोड्यांस सुचतें. आज ज्यांचें चरित्र मी सांगणार आहें, ते पुरुष आपल्या उमेदीच्या वर्षांत पुण्यांतील साहेबलोकांच्या टेनिसच्या पटांगणावर अशाच रेषा आंखीत असत. पुढें हेच गृहस्थ हिंदुस्थानचे पहिले नामांकित गोलंदाज झाले आणि पी. बाळू या नांवानें सर्वत्र ओळखले जाऊं लागले.

बाळू पालवणकर यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजीं धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें, म्हणून आडनांव पालवणकर. जात चांभाराची, आणि त्या काळीं अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींत जन्म घेणें म्हणजे काय, हें आपल्या वडीलधाऱ्या माणसांस निराळें सांगावयास नको. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें कुटुंब पुण्यास येऊन राहिलें. तेथें गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम क्रिकेट खेळावयास शिकले. नवें साहित्य विकत घेण्याची ऐपत घरांत नव्हती, आणि शिक्षणहि फार पुढें जाऊं शकलें नाहीं.

लहान वयांतच पोटासाठीं नोकरी धरणें भाग पडलें. प्रथम एका पारशी क्रिकेट क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व तिच्यावरून रोलर फिरविण्याचें काम मिळालें; पगार दरमहा तीन रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास ते पूना जिमखान्यांत लागले आणि पगार चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करणें, जाळीं उभारणें, प्रसंगीं टेनिसच्या पटांगणावर रेषा मारणें, हीं तेथील त्यांचीं कामें. तेथील एका इंग्रज खेळाडूनें त्यांच्या हातीं चेंडू दिला व सरावासाठीं टाकावयास सांगितलें. त्यांच्या डाव्या हातांतून सुटणारा संथ, फिरता चेंडू पाहून साहेबलोक थक्क झाले. जिमखान्याचे उत्तम फलंदाज कॅप्टन ग्रेग हे तर इतरांच्या आधीं तासभर मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देण्याचें ग्रेगसाहेबांनीं कबूल केलें होतें, असेंहि सांगतात. अशा रीतीनें शेंकडों तास चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला. मात्र तेथें त्यांस कोणीं फलंदाजीची संधि दिली नाहीं. चाकरानें चेंडू टाकावा आणि साहेबानें तो मारावा, अशी ती रीत होती.

त्यांची कीर्ति शहरांत पसरली, तेव्हां पुण्याच्या हिंदु क्लबापुढें मोठा पेंच उभा राहिला. गोऱ्यांस हरवावयाचें तर बाळू हवेत. बाळूंस घ्यावयाचें तर विटाळाची अडचण! अखेर विजयाची हौस बलवत्तर ठरली व बाळू संघांत आले. पण कसे? मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे आणि कोणासहि विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली कीं इतर मंडळी आंत बसत व बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. जेवणाचें ताटहि निराळें, आणि मेजहि निराळें. ज्या बोटांनीं संघाला विजय मिळवून दिला, तीं बोटें पेल्यास लागूं नयेत, असा हा विचित्र न्याय होता. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांनीं बाळूंचें कौतुक केलें, तरी रूढीची गांठ एकाएकीं सुटली नाहीं.

पुण्यांत प्लेगानें थैमान घातलें त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथें बी. बी. अँड सी. आय. रेल्वेंत त्यांस नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याच्या संघांत ते खेळूं लागले. १९०६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु व युरोपियन यांचा गाजलेला सामना झाला. हिंदूंनीं २४२ व १६० धांवा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धांवांत आटोपले, आणि हिंदु संघ १०९ धांवांनीं विजयी झाला. या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा फार मोठा होता, आणि शिवरामहि त्या संघांत होते. पुण्यांत जें घडलें नाहीं तें मुंबईंत घडूं लागलें. दोघां बंधूंस जिमखान्याच्या इतर सभासदांच्या पंक्तीस स्थान मिळालें. खेळाच्या मैदानानें जें साधलें तें कित्येक व्याख्यानांस साधलें नव्हतें, असें त्या वेळच्या सुधारकांस वाटलें.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. बाळूंचें वय पस्तीस होतें. त्या दौऱ्यांत संघाचा पुष्कळ सामन्यांत पराभव झाला. परंतु बाळूंनीं एकट्यानें ११४ गडी बाद केले. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनीं अकरा बळी घेऊन संघास पहिला विजय मिळवून दिला. सॉमरसेटशीं झालेल्या सामन्यांत शिवरामांनीं नाबाद शतक काढलें आणि बाळूंनीं बॅट हातांत घेऊन अर्धशतक झळकाविलें. तो सामना हिंदी संघानें अवघा एक गडी राखून जिंकला. ज्यांस पुण्यांत कोणीं बॅट धरूं दिली नव्हती, त्यांनीं इंग्लंडच्या भूमीवर केलेला हा पराक्रम होय! स्वदेशीं परतल्यावर अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या समारंभाचें मानपत्र लिहिणारा तरुण एल्फिन्स्टन कॉलेजचा एक विद्यार्थी होता, असें चरित्रकार सांगतात. त्याचें नांव भीमराव आंबेडकर.

इतकें होऊनहि एक मान बाळूंस मिळाला नाहीं, तो म्हणजे हिंदु संघाचें कर्णधारपद. अनुभवानें व गुणानें ते सर्वांत वडील असूनहि निवडसमितीची दृष्टि वर्षानुवर्षें दुसरीकडे वळे. १९१३ सालीं एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हां या थोर मनाच्या गृहस्थांनीं स्वतःच्या सत्कारसमारंभांतच हा मान खरोखर बाळूंचा होता असें बोलून दाखविलें. १९२० सालच्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले असतां बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें व कर्णधारपद दुसऱ्यास देण्यांत आलें. तेव्हां शिवराम आणि धाकटे विठ्ठल या बंधूंनीं निषेध म्हणून खेळण्याचें नाकारलें आणि आपली बाजू जाहीरपणें मांडली. लोकमत खवळलें. पुढच्या सामन्यांत पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मुद्दाम मैदान सोडून बाहेर गेले असतां कांहीं वेळ तरी बाळूंनीं संघाचें नेतृत्व केलें. त्यानंतर त्यांचा खेळ थांबला. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले व त्यांनीं विजय मिळविला. थोरल्या भावानें पेरलें तें धाकट्याच्या हातीं उगवून आलें.

प्रथम दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत बाळूंनीं १७९ गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागें सरासरी १५.२१ धांवाच दिल्या.

मैदान सोडल्यावर ते समाजकारणांत पडले. तो काळ मोठ्या खळबळीचा होता. आपल्या नाशकांतच २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हें तुमच्या घरच्या वडील मंडळींनीं ऐकलें असेलच. १९३२ सालीं महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत उपोषणास बसले असतां तडजोडीच्या वाटाघाटींत बाळूंनीं भाग घेतला, आणि २४ सप्टेंबर रोजीं झालेल्या पुणें करारावर त्यांचीहि सही आहे. पुढें १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉक्टरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. एके काळीं ज्यांनीं आपलें मानपत्र लिहिलें त्यांच्याशींच झुंजण्याचा हा प्रसंग होता. दोघांचें ध्येय एकच, समाजाची अप्रतिष्ठा दूर व्हावी. मार्ग मात्र भिन्न होते. थोरांमध्येंहि असे मतभेद होतात, आणि तेवढ्यानें कोणाचें थोरपण उणें होत नाहीं.

४ जुलै १९५५ रोजीं मुंबई येथें त्यांचें देहावसान झालें.

मित्रहो, या चरित्रापासून एक बोध तर उघड आहे : हातीं आलेलें हलकें कामहि मन लावून करावें, त्यांतूनच विद्या येते. पण तेवढाच बोध घेऊन थांबूं नका. बाळूंनीं आपलें काम चोख केलें होतें. उणीव होती ती भोंवतालच्यांत. त्यांचा चेंडू हवा होता आणि त्यांचा पेला नको होता. म्हणून गोदाकांठच्या या सायखेड्यांत जेव्हां तुम्ही खेळाल, तेव्हां दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. संघ निवडतांना गड्याचा खेळ पाहा, त्याचें घर पाहूं नका. आणि सामना संपल्यावर ज्याच्या बळावर जिंकलां त्याला आपल्याशेजारीं बसवून पाणी द्या. आणि पालकांसहि नम्र विनंति अशी, कीं मुलगा सोबत्यास घरीं घेऊन आला, तर त्याच्यासाठीं निराळा पेला काढूं नये.