फुलपाखरामागची अळी

उशीचे अभ्रे, चहाचे ट्रे, भिंतीवरच्या चौकटी, वह्यांची मुखपृष्ठे यांवर हल्ली जुन्या काळची कीटकांची चित्रे छापण्याची हौस वाढली आहे. पिवळसर कागदाचा भास, एखादी फांदी, तिच्यावर फुलपाखरू, भुंगा किंवा पतंग. यातील बरीच चित्रे एकाच बाईच्या हातची आहेत. तिचे नाव मारिया सिबिला मेरियन. तिने ही चित्रे काढली ती कीटक कसा जन्मतो याचा पुरावा म्हणून. त्या पुराव्याचे मोल आज पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने फणफणलेल्या प्रत्येक घराला आहे.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. वडील नावाजलेले ताम्रपट-कोरक आणि प्रकाशक. ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. सावत्र वडील जेकब मारेल हे फुलांची चित्रे काढणारे चित्रकार होते. त्यांच्याकडे ती रंग आणि कुंचला शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले आणि तिथून तिला अळ्यांचा नादच लागला.

त्या काळी किडे चिखलातून, शेणातून, कुजक्या मांसातून आपोआप निपजतात, अशी समजूत होती. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली ही कल्पना शिकलेली माणसेही मानत. १६६८ मध्ये इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेडी यांनी बरणीच्या तोंडाला जाळीचे कापड बांधून, माश्या बसू दिल्या नाहीत तर मांसात अळ्या होत नाहीत, हे दाखवले. मारियाकडे ना प्रयोगशाळा, ना विद्यापीठाचे शिक्षण. तिच्याकडे खोकी होती, अळ्यांसाठी ताजा पाला होता आणि रोज पाहून लिहून ठेवण्याची चिकाटी होती.

लग्नानंतर ती न्यूरेंबर्गला राहू लागली. दोन मुली झाल्या. घर चालवताना ती रंग विकत असे आणि मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवत असे. १६७५पासून तिने फुलांच्या चित्रांचे पुस्तक भागांत काढले. त्यातील नमुने पाहून बायका कापडावर फुले भरत. म्हणजे घरातील वस्तू सजवण्यासाठी तिची चित्रे वापरणे ही आजची टूम नाही, तिच्या हयातीतच ते चालू होते.

१६७९ मध्ये मात्र तिने वेगळे पुस्तक छापले. सुरवंटांचे रूपांतर आणि त्यांचे खाद्य हा त्याचा विषय होता आणि त्यात ५० चित्रे होती. आधीचे चित्रकार टाचणीला टोचलेले कीटक रांगेत मांडत. मारियाने अंडी, अळी, कोष आणि पंख फुटलेला कीटक हे सारे एकाच चित्रात, ती अळी जे झाड खाते त्याच झाडावर दाखवले. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडावर टसरच्या अळ्या वाढवणाऱ्यांना हे नाते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. युरोपच्या छापील पुस्तकात ते इतक्या स्पष्टपणे मांडणे ही नवी गोष्ट होती.

पुढे ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. तिथल्या धनिकांच्या कपाटांत परदेशांतून आणलेले मेलेले कीटक होते, पण ते कशातून जन्मले हे कोणी सांगू शकत नव्हते. १६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, आपली चित्रे विकून पैसे उभे करून ती धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला निघाली. तिथे डच मळेवाल्यांना उसाशिवाय कशात रस नव्हता. जंगलाची माहिती तिला मिळाली ती स्थानिक आदिवासींकडून आणि गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांकडून. आपल्याकडे अंगणात दिसणाऱ्या शंकासुराचे तिने तिथे चित्र काढले आणि त्यासोबत एक विदारक नोंद केली. आपले मूल गुलामीत जन्मू नये म्हणून गुलाम स्त्रिया त्याच्या बिया खाऊन गर्भ पाडत. ट्रेवर हे फूल देखणे दिसते, पण त्याखालची ही नोंद तिथे छापली जात नाही.

सुमारे दोन वर्षांतच तापाने तिला परतावे लागले. तो मलेरिया किंवा पीतज्वर असावा, असा अंदाज केला जातो. दोन्ही आजार डासांमुळे पसरतात. आयुष्यभर कीटक पाहणाऱ्या मारियाला हे कळणे शक्य नव्हते. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात सापडायला १८९७ साल उजाडावे लागले. तो शोध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत लावला.

१७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांवरचा तिचा ग्रंथ ६० चित्रांसह निघाला. अननसाभोवती झुरळे असलेले गाजलेले चित्र त्यातलेच. पुढे लिनिअसने प्राण्यांना शास्त्रीय नावे देताना या चित्रांचा आधार घेतला. पक्षी खाणाऱ्या कोळ्याच्या चित्रावरून मात्र एकोणिसाव्या शतकात तिला खोटे ठरवले गेले. नंतर ॲमेझॉनच्या जंगलात हेन्री बेट्स यांनी असा कोळी प्रत्यक्ष पाहिला. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये मारियाचे निधन झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीच्या ५०० मार्कच्या नोटेवर तिची छबी आली.

सजावटीत बहुतेक वेळा फुलपाखरू ठेवून अळी आणि कोष कापून टाकतात. आरोग्याच्या बाबतीतही असेच होते. उडणारा डास दिसतो म्हणून धूरफवारणीची मागणी होते आणि अळीकडे दुर्लक्ष होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराजवळच्या साठलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. नागपुरात उन्हाळा सरला की कूलर बंद होतो, पण टाकीत पाणी तसेच राहते. ते नुसते ओतून टाकणे पुरेसे नाही. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच उबतात. म्हणून टाकी, रांजण, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, सुकवायची. कोरडा दिवस पाळायचा तो यासाठीच. जे पाणी उपसता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडायचे.

कीटक आपोआप निपजत नाही, त्याला अंडे, अळी आणि कोष या पायऱ्या चढाव्याच लागतात, हे मारियाने चित्रांतून दाखवले. डासाला पंख फुटण्याआधीच अडवता येते, ते या पायऱ्या ठाऊक असल्यामुळे.