वाळूशी झुंजणारा जीन साराझेन

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या सुमारास फिरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पाण्यालगतची ओली वाळू पाऊल पेलते. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र टाच रुतते आणि चार पावलांत दम लागतो. गोल्फमध्ये ग्रीनभोवती मुद्दाम राखलेल्या वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, चेंडू पडला की पूर्वी भल्याभल्या खेळाडूंची हीच गत होई. निब्लिक नावाच्या काठीची पातळ कड वाळूत घुसे आणि तिथेच अडकून राही. यावर टिकाऊ उपाय शोधला तो जीन साराझेनने.

२७ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅरिसन येथे एका इटालियन सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. मूळ नाव युजिनिओ साराचेनी. हे नाव गोल्फपटूपेक्षा व्हायोलिनवादकाला शोभेल असे वाटल्याने त्याने ते बदलले. मुलाने रंधा हाती धरावा ही वडिलांची इच्छा होती. पण आठव्या वर्षापासून कॅडीचे काम करणाऱ्या या पोराचा जीव मैदानात अडकला होता. पुढे न्यूमोनियाने त्याला मरणाच्या दारातून परत पाठवले आणि डॉक्टरांनी मोकळ्या हवेतील कामाचा सल्ला दिला. १९२२ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने अमेरिकन ओपन आणि पीजीए या दोन्ही स्पर्धा जिंकल्या.

त्यानंतर मात्र मोठ्या विजयांचा ओघ आटला. बंकरमधला खेळ हे त्याचे उघडे दुखणे होते. हॉवर्ड ह्यूजसोबत विमानोड्डाणाचे धडे घेताना त्याने पाहिले, की शेपटीची पट्टी खाली-वर होताच विमानाची चाल पालटते. काठीचा तळही असाच हवा, हे त्याच्या ध्यानी आले. १९३१च्या सुमारास फ्लोरिडात त्याने निब्लिकच्या पाठीला शिसे डाखले आणि कानस घेऊन आकार साधला. सुताराच्या मुलाचे हात अखेर कामी आले म्हणायचे! आता तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली आली. काठी चेंडूच्या थोडी मागे वाळूत शिरे, पण रुतण्याऐवजी सरकत पुढे जाई, आणि वाळूच्या थरासोबत चेंडू अलगद उचलला जाई. चेंडूला नव्हे, वाळूला मारायचे, हे बंकरच्या फटक्याचे मर्म या काठीमुळे सामान्य खेळाडूच्याही आवाक्यात आले. वाळूसाठीच्या काठ्यांचे प्रयोग इतरांनीही केले होते. त्यांपैकी अंतर्गोल मुखाच्या काठीवर १९३१ साली बंदी आली होती.

त्याच धास्तीने १९३२च्या ब्रिटिश ओपनमध्ये त्याने आपली काठी पिशवीत उलटी लपवून ठेवली. ती स्पर्धा त्याने २८३ फटक्यांत, पाच फटक्यांच्या फरकाने जिंकली. दोनच आठवड्यांनी अमेरिकन ओपनही जिंकताना अखेरचे २८ होल त्याने १०० फटक्यांत पूर्ण केले.

१९३५ साली ऑगस्टा येथे २३५ यार्डांवरून थेट होलमध्ये गेलेल्या त्याच्या फटक्याचेच गोडवे जग गाते. आमच्या मते त्याची खरी देणगी ती डाखलेली काठीच.

१९७३ साली ट्रून येथील ब्रिटिश ओपनमध्ये ७१ वर्षांच्या साराझेनने आठवा होल एकाच फटक्यात पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी चेंडू बंकरमध्ये गेला. त्याने तो वाळूतून उचलला, आणि तो थेट होलमध्ये जाऊन पडला. १३ मे १९९९ रोजी वयाच्या ९७व्या वर्षी फ्लोरिडात त्याचे निधन झाले.